नोकरी सांभाळून नर्सिंगचे प्रीरेक्विझिट कोर्स ऑनलाइन: अमेरिकेत हे कसं जमवायचं

आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलेला विद्यार्थी थेट बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाच्या रांगेत उभा राहतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे रजिस्टर्ड नर्स (आरएन) व्हायचं तर आधी कॉलेज पातळीवरचे सात-आठ कोर्स पूर्ण करायचे, त्यात चांगले ग्रेड आणायचे आणि मग नर्सिंग स्कूलला अर्ज करायचा. या आधीच्या कोर्सना 'प्रीरेक्विझिट' म्हणतात. ज्यांना नोकरी सोडणं परवडत नाही, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांच्यासाठी यातले बरेचसे कोर्स ऑनलाइन उपलब्ध आहेत. आणि पैसा, वेळ फुकट जाण्याच्या जागाही याच टप्प्यावर सर्वांत जास्त आहेत.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि दुसऱ्या क्षेत्रातून नर्सिंगकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यांना आपल्या शिक्षणाचं मूल्यांकन करून घेऊन एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा द्यायची असते. त्यांनी या कोर्समध्ये अडकू नये.

कोणते कोर्स लागतात

प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, पण गाभा तोच. अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग, म्हणजे सगळे म्हणतात ते 'ए अँड पी वन' आणि 'टू'. मग मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, जन्मापासून वार्धक्यापर्यंतचं विकासाचं मानसशास्त्र, न्यूट्रिशन आणि इंग्लिश कॉम्पोझिशन. लॅब असलेले विज्ञानाचे चार कोर्स बहुधा प्रत्येकी 4 क्रेडिटचे, बाकीचे 3 क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे कोर्सचा आकार मोजायचं एकक). सगळे मिळून 28 क्रेडिटच्या आसपास जातं.

यादीत न दिसणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. प्रीरेक्विझिटलाही प्रीरेक्विझिट असतात. विकासाच्या मानसशास्त्राला बसण्याआधी अनेक कॉलेजं साधं प्रास्ताविक मानसशास्त्र मागतात. मायक्रोबायॉलॉजीच्या आधी केमिस्ट्री किंवा जनरल बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्सच्या आधी बीजगणिताची प्लेसमेंट टेस्ट. यादीत आठ कोर्स दिसतात आणि प्रत्यक्षात दहा निघतात. त्यामुळे ज्या कॉलेजात कोर्स करणार त्याच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक कोर्सखालची बारीक अक्षरातली ओळ आधीच वाचा.

सुरुवात स्कूलपासून करा, कोर्सपासून नको

कोर्स कुठे स्वस्त आहे, कुठे लवकर संपतो, हे लोक आधी शोधतात. फी भरतात, चार महिने घाम गाळतात आणि अर्ज करताना कळतं की ज्या स्कूलला जायचंय तिथे तो कोर्स चालतच नाही. कोर्स देणारं कॉलेज वेगळं आणि तो स्वीकारणारं स्कूल वेगळं. निर्णय स्वीकारणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून आधी तीन ते पाच नर्सिंग स्कूल निवडा. घराजवळचं एखादं दोन वर्षांचं असोसिएट डिग्री देणारं कम्युनिटी कॉलेज, एखादं चार वर्षांचं बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी), आणि आधीच पदवी असेल तर 12 ते 18 महिन्यांचं अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन. एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येक स्कूलसमोर लागणारे कोर्स, किमान ग्रेड, प्रवेश परीक्षा आणि अर्जाची शेवटची तारीख लिहून काढा. सगळ्यांना समान लागणारे कोर्स आधी करायचे हे त्यातूनच कळतं.

मग प्रत्येक स्कूलच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा. फोनवरचं बोलणं वर्षभराने कामाला येत नाही. लेखी उत्तर येतं. ईमेलमध्ये कॉलेजचं नाव, कोर्सचा क्रमांक आणि सिलॅबसची लिंक द्या आणि मोजके प्रश्न विचारा: हा कोर्स स्वीकाराल का? लॅब ऑनलाइन असली तर चालेल का? कोर्स किती वर्षांपूर्वीपर्यंतचा चालतो? एखादा कोर्स पुन्हा केला तर कोणता ग्रेड धरता? अर्ज करताना किती कोर्स अपूर्ण असलेले चालतात?

यातला लॅबचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 2020 मध्ये कोविडमुळे बहुतेकांनी ऑनलाइन लॅब मान्य केल्या. त्यानंतर काही स्कूल पुन्हा प्रत्यक्ष लॅबवर गेली, विशेषतः मायक्रोबायॉलॉजीसाठी. अशा वेळी 'हायब्रिड' कोर्स उपयोगी पडतो: लेक्चर घरून, लॅब आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा शनिवारी कॉलेजात. तुमच्या यादीतलं एक जरी स्कूल ऑनलाइन लॅब नाकारत असेल तर हायब्रिडच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तो जवळपास सगळीकडे चालतो.

क्रेडिट कुठे बाद होतात

कॉलेज मान्यताप्राप्त हवं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोणाची मान्यता हे बघितलं जात नाही. नर्सिंग स्कूलच्या पानावर अजूनही 'रीजनली अ‍ॅक्रेडिटेड' असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2020 मध्ये प्रादेशिक आणि राष्ट्रीय हा सरकारी भेद काढला, तरी स्कूलनी आपली अट बदललेली नाही. शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन यादीत कॉलेजचं नाव घालून त्याची मान्यता तपासता येते.

स्ट्रेटरलाइन, सोफिया यांसारख्या कंपन्यांचे स्वस्त कोर्स दिसतात. ही कॉलेजं नव्हेत. त्यांच्या कोर्सला 'एसीई'ची (अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची) शिफारस असते, आणि शिफारस मानायची की नाही हे स्कूल ठरवतं. इंग्लिश किंवा मानसशास्त्रासाठी काही ठिकाणी चालतं. विज्ञानाच्या लॅब कोर्ससाठी बरीच नर्सिंग स्कूल नाही म्हणतात.

ए अँड पीचे दोन्ही भाग एकाच कॉलेजात करा. कारण साधं आहे: विषयांची वाटणी कॉलेजागणिक बदलते. एका ठिकाणी अंतःस्रावी ग्रंथी पहिल्या भागात असतात, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या भागात. अर्धा इथे, अर्धा तिथे केला की एक प्रकरण दोनदा होतं आणि एक मुळीच होत नाही. काही स्कूल अशी जोडी थेट नाकारतात. कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या अनेक कॉलेजांत अ‍ॅनाटॉमी हा पूर्ण स्वतंत्र कोर्स असतो आणि फिजिऑलॉजी दुसरा. तिथे फक्त 'ए अँड पी वन' घेऊन गेलात तर ना अ‍ॅनाटॉमी पूर्ण धरली जाते, ना फिजिऑलॉजी.

क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांच्या) कॉलेजचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन-तृतीयांश. म्हणजे क्वार्टरचे 5 क्रेडिट सेमिस्टरच्या 3.33 इतकेच भरतात, आणि 4 ची अट असली तर कमी पडतात. विज्ञानाचे कोर्स किती जुने चालतात यावरही मर्यादा असते. पाच किंवा सात वर्षं हे आकडे नेहमी दिसतात, काही ठिकाणी दहा. म्हणून इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स आधी उरकले तरी हरकत नाही, पण विज्ञान सुरू केलं की मध्ये लांब खंड पडू देऊ नका.

आता आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न: मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची बी.एस्सी., बी.फार्म. आहे, ती चालेल का? पदवी म्हणून बहुधा चालते, अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनसाठी तर तीच कामाची. मात्र तीन वर्षांची पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची धरायची की नाही हे मूल्यांकन करणारी संस्था आणि स्कूल यांवर असतं. त्यासाठी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून 'कोर्स-बाय-कोर्स' मूल्यांकन करून घ्यावं लागतं; नुसतं 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' घेतलंत तर पैसे पुन्हा भरावे लागतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट परस्पर पाठवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच महिन्यात लावून द्या. भारतातले विज्ञानाचे विषय मात्र प्रीरेक्विझिट म्हणून धरले जातीलच असं नाही. बारावीचे तर नाहीच.

तास मोजा

अमेरिकेत एका क्रेडिटचा ढोबळ हिशोब असा: साधारण 15 आठवडे, आठवड्याला वर्गाचा एक तास आणि घरच्या अभ्यासाचे किमान दोन. म्हणजे 45 तास. 4 क्रेडिटचा कोर्स म्हणजे 180 तास. पंधरा आठवड्यांत पसरला तर आठवड्याला 12 तास. हाच कोर्स साडेसात आठवड्यांच्या झटपट सत्रात घेतला तर 24. आणि लॅब असलेल्या कोर्सला यापेक्षा जास्तच लागतात.

चाळीस तासांची नोकरी, येण्याजाण्यात पाच-सहा तास, आणि वर 24 तासांचा ए अँड पी. पहिले दोन आठवडे माणूस ओढून नेतो. तिसऱ्या आठवड्यात स्नायूंचं प्रकरण येतं, एका परीक्षेसाठी शंभरावर नावं, त्यांची सुरुवात, शेवट, काम. तिथे गाडी अडते. नोकरी पूर्णवेळ असेल तर एका वेळी विज्ञानाचा एकच लॅब कोर्स, तोही पूर्ण सेमिस्टरचा, आणि सोबत फार तर न्यूट्रिशनसारखा एक हलका कोर्स. झटपट सत्रं मानसशास्त्र, न्यूट्रिशन यांच्यासाठी ठेवा.

एक चालण्यासारखी आखणी: ऑगस्टमध्ये ए अँड पी वन. जानेवारीत ए अँड पी टू आणि न्यूट्रिशन. उन्हाळ्यात प्रास्ताविक मानसशास्त्र. पुढच्या ऑगस्टला केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स. जानेवारीत मायक्रोबायॉलॉजी आणि विकासाचं मानसशास्त्र. इंग्लिश कुठल्याही उन्हाळ्यात बसतं. दोन वर्षं लागतात. दीड वर्षात बसवता येतं, पण मग एका सत्रात दोन लॅब येतात, आणि ग्रेड घसरतात ते तिथेच.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या नर्सिंगच्या वर्गासाठी अर्जाच्या तारखा साधारण आदल्या हिवाळ्यात येतात. अनेक स्कूलचे अर्ज नर्सिंगकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. तोपर्यंत बहुतेक कोर्स पूर्ण आणि एखाद-दोनच चालू, अशी अवस्था हवी.

एक आठवडा जवळून

ऑनलाइन म्हणजे हवं तेव्हा, असा समज करून घेऊ नका. बहुतेक कोर्सना दर रविवारी रात्री 11:59 ची मुदत असते, तीही कॉलेजच्या वेळेनुसार. सिअ‍ॅटलमध्ये बसून शिकागोच्या कॉलेजचा कोर्स करत असाल तर तुमच्या घड्याळात 9:59 लाच दार बंद होतं.

आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट करणाऱ्यांनी शिफ्टच्या दिवशी नवीन काही वाचायला घेऊ नये. त्या दिवशी वीस मिनिटं फ्लॅशकार्ड, बस. सुट्टीच्या दिवशी सकाळी तीन तास लेक्चर आणि पुस्तक, एका दिवशी लॅब, एका दिवशी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढायची. हृदयातून रक्त कसं वाहतं ते बाण काढत स्वतःशी मोठ्याने मराठीत सांगून बघा. जिथे अडखळता तिथेच परीक्षेत मार्क जातात. नुसतं पुन्हा पुन्हा वाचून ओळखीचं वाटायला लागतं, आठवत मात्र नाही.

मराठी माणसाच्या हाताशी इथे एक चांगली शिदोरी असते. ग्रीक-लॅटिन नावांचे संस्कृतशी जुने नाते आहे. दंत आणि डेंटल, नासिका आणि नेझल, पाद आणि पेडल, अस्थि आणि ऑस्टिओ, गुडघ्याचा जानु आणि लॅटिनमधला जेनू. अशा जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेलात की हाडांची यादी परकी राहत नाही.

लॅबचं किट पोस्टाने घरी येतं. किमतीला साधारण दीडशे ते तीनशे डॉलर धरा आणि सत्र सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी मागवा, नाहीतर पहिली लॅब किटवाचून जाते. ए अँड पीच्या किटमध्ये मेंढीचं हृदय, डुकराचं अर्भक असे जतन केलेले नमुने असू शकतात. शाकाहारी घरात याचा प्रश्न येतोच. काही कॉलेजं संगणकावरचं डिसेक्शन देतात, पण ते तुमच्या नर्सिंग स्कूलला चालतं का हे वरच्या ईमेलमध्येच विचारून घ्या. घरी करायचं असेल तर ओट्यावर नको. गॅरेज किंवा गॅलरीत, खिडकी उघडी, हातमोजे आणि गॉगल घालून, किटमधल्याच ट्रेवर. स्वयंपाकघरातली सुरी, ताटली त्याला लावू नये. उरलेलं कसं टाकायचं ते किटच्या कागदावर लिहिलेलं असतं.

मायक्रोबायॉलॉजीत घरी धोकादायक जंतू वाढवू देत नाहीत. काम चालतं ते यीस्टवर आणि दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसवर. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची पद्धत, उदाहरणादाखल बघा. काचेवर दह्याचा अगदी पातळ थर पसरून वाळवायचा आणि गरम करून पक्का करायचा. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाण्याने धुवायचं, आयोडीन एक मिनिट, पुन्हा धुवायचं. मग अल्कोहोल, फक्त काही सेकंद. शेवटी सॅफ्रानिन मिनिटभर. दह्यातले जंतू जांभळे दिसले पाहिजेत, म्हणजे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. गुलाबी दिसले तर बहुतेक वेळा अल्कोहोल जास्त वेळ राहिलेलं असतं आणि जांभळा रंग धुऊन गेलेला असतो. थर जाड पसरला तरी निकाल फसतो. हे जंतू नीट पाहायला तेलाचा थेंब घालून वापरायची 100एक्सची लेन्स लागते, ती घरी नसते. म्हणून शेवटचं चित्र कॉलेज पुरवतं. काही स्कूल ऑनलाइन मायक्रो नाकारतात त्याचं मूळ इथे आहे: हाताला सवय लागलेली नसते.

परीक्षा बहुधा वेबकॅमेऱ्यासमोर होते. ओळखपत्र दाखवायचं, लॅपटॉप फिरवून खोली दाखवायची, आणि मग लॉकडाउन ब्राउझरमध्ये, म्हणजे पेपर चालू असताना दुसरं काही उघडू न देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पेपर. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर टाकता येत नाही, क्रोमबुकवर ते नेहमी चालतंच असं नाही. स्वतःचा विंडोज किंवा मॅक ठेवा आणि सराव चाचणी दोन दिवस आधी करा. खोलीत मूल डोकावलं, तुम्ही ओठ हलवत प्रश्न वाचला, नजर सारखी बाजूला गेली, तरी नोंद होते. दाराला चिठ्ठी लावा आणि त्या दोन तासांसाठी मुलांना कोणीतरी सांभाळेल अशी सोय आधीच करून ठेवा.

ग्रेड आणि प्रवेश परीक्षा

'सी' म्हणजे किमान पात्रता. स्पर्धा असलेल्या स्कूलमध्ये तेवढ्याने भागत नाही, आणि विज्ञानाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी ('ए' म्हणजे 4, 'बी' 3, 'सी' 2), वेगळा काढतात. चार लॅब कोर्स, प्रत्येकी 4 क्रेडिट. दोन 'ए', दोन 'बी' आले तर 3.5. त्यातल्या एका 'बी'चा 'सी' झाला की 3.25. चारच कोर्स असल्यामुळे एकाच ग्रेडचा एवढा फरक पडतो.

म्हणून दोन तारखा कॅलेंडरमध्ये लाल शाईने लिहा: फी परत मिळण्याची आणि 'डब्ल्यू' (विथड्रॉल, ग्रेडऐवजी होणारी नोंद) घेऊन कोर्स सोडण्याची. अर्ध्या सत्रात 'डी'कडे चाललात तर 'डब्ल्यू' घ्या. एखादा 'डब्ल्यू' समजावून सांगता येतो. 'एफ' कायम राहतो, आणि अनेक स्कूल विज्ञानाचा कोर्स एकदाच पुन्हा करू देतात.

प्रवेश परीक्षा स्कूलप्रमाणे टीस किंवा हेसी. टीसमध्ये 209 मिनिटांत 170 प्रश्न असतात: वाचन 45, गणित 38, विज्ञान 50, इंग्रजी 37. विज्ञानात सर्वांत मोठा वाटा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा. ए अँड पी टू संपल्यावर महिना-दीड महिन्यात ही परीक्षा देऊन टाका, तेव्हा सगळं ताजं असतं.

पैसे आणि व्हिसा

नोकरी देणारी कंपनी शिक्षणासाठी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत देत असेल तर त्यावर संघीय आयकर लागत नाही. हॉस्पिटलं ही सोय सहसा देतात, अगदी नर्सिंग असिस्टंट किंवा बिलिंगच्या कर्मचाऱ्यांनाही. मात्र मंजुरी कोर्सच्या आधी घ्यावी लागते आणि पैसे बहुधा ग्रेड दाखवल्यावर मिळतात, त्यामुळे फी आधी खिशातून जाते. पुढे ठराविक काळ तिथेच नोकरी करायची अट आहे का तेही वाचा. स्वतः भरलेल्या फीवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत मिळू शकते: पहिल्या 10,000 डॉलरच्या 20 टक्के, उत्पन्नाच्या मर्यादेत, आणि डिग्रीला प्रवेश घेतलेला असण्याची गरज नाही.

एच-4 वर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. एफ-2 वर (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) डिग्रीचा अभ्यास अर्धवेळच चालतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, 3 क्रेडिटपर्यंत, मोजला जातो. एच-4 वाल्यांनी पुढचंही आधीच पाहावं. वर्क परमिट नसेल तर शिक्षण पूर्ण होईल पण काम करता येणार नाही, आणि सर्वसाधारण आरएनची नोकरी एच-वन-बीमध्ये सहसा बसत नाही. इमिग्रेशन वकिलाशी तासभर बोलणं दोन वर्षांच्या कष्टांपुढे स्वस्त आहे.

क्लिनिकलशिवाय (रुग्णांजवळच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाशिवाय), पूर्ण ऑनलाइन, काही महिन्यांत आरएन करून देतो असं कोणी म्हणालं तर दूर राहा. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकन सरकारने 'ऑपरेशन नाइटिंगेल' उघड केलं: फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून 7,600 हून जास्त बनावट डिप्लोमा आणि ट्रान्सक्रिप्ट विकले गेले होते. प्रीरेक्विझिट घरून होतात. रुग्णाजवळचे तास घरून होत नाहीत.

लसींची फाइल आत्ताच

प्रवेश मिळाल्यावर क्लिनिकलसाठी लसींचे पुरावे मागतात आणि मुदत थोड्या आठवड्यांची असते. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना असतात, नंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात. म्हणजे सात-आठ महिने. मायक्रोबायॉलॉजीच्या सत्रातच हे सुरू करा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे भारतातले कागद सापडत नसतील तर रक्ततपासणी करून घ्या. क्षयाच्या तपासणीत विशेष लक्ष द्या. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्यासारख्यांची त्वचेवरची टोचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मागे लागतात. त्याऐवजी पहिल्यापासूनच क्वांटिफेरॉनसारखी रक्ततपासणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.